सीनेचं परराष्ट्र खातं

परंड्याच्या कचेरीत रुजू झालो त्या दिवशी एका वयस्क कारकुनानं चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, "कुठल्या मुलखातून आलात?"

"पुण्याहून," मी म्हणालो.

ते पट्टेवाल्याकडं वळले. "परदेशी पाव्हणे हायत. खुर्ची पुसून दे."

मला राग आला. मी बावीस वर्षांचा होतो आणि पुण्याचा होतो. राग यायला एवढं पुरत असे. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. पुढं त्यांच्या शेजारच्या टेबलावर चार वर्षं काढली तेव्हा कळलं, की त्यांनी मला मोठा मान दिला होता. परदेशी माणसाशी कसं वागावं याचे त्यांचे नियम घरच्या माणसांपेक्षा पुष्कळ कडक होते.

त्यांना सगळे पेशकारसाहेब म्हणत. निजामाच्या अमलात पेशकार म्हणजे तहसीलदाराचा उजवा हात. कागद त्याच्या हातून वर जायचा आणि त्याच्याच हातून खाली यायचा. मग पोलीस अॅक्शन झाली, संस्थान गेलं, आणि मी येण्याच्या आदल्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. तहसीलदाराचा मामलेदार झाला, मिसलीची फाईल झाली आणि पेशकाराचा साधा कारकून झाला. लोकांच्या तोंडचं 'पेशकारसाहेब' मात्र काही गेलं नाही. या जुन्या कचेऱ्यांना मुंबईची शिस्त लावायला आमच्यासारखी पोरं तिकडून इकडं पाठवली होती. मला स्वतःला किती शिस्त आहे, हे कुणी विचारलं नव्हतं.

पेशकारसाहेबांचं खरं काम, त्यांच्या मते, परराष्ट्र धोरण हे होतं. मला आधी हे वेड वाटलं. नंतर त्यांनी समजावून सांगितलं. आज परंड्याहून करमाळ्याकडं जायचं तर तिकीट काढलं की झालं. त्यांच्या तरुणपणी मध्ये सीना नदी होती, आणि ती सरहद्द होती. अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजांचं. नाणं वेगळं, कोर्टं वेगळी, नाक्यावर जकात. या काठची म्हैस चरत चरत त्या काठाला गेली, तर ती परत आणायला दोन सरकारांचा पत्रव्यवहार व्हायचा. वीस वर्षं तो पत्रव्यवहार त्यांनी सांभाळला होता.

"तुमच्या दिल्लीला परराष्ट्र खातं आत्ता आलं," ते म्हणत. "म्या त्याच्या लई आदीपासनं म्हशी परत आनतोय."

पत्रांनी भागलं नाही की बैठक व्हायची. नदीच्या पात्रात, कोरड्या वाळूत, एक चटई टाकायची. या टोकाला पेशकारसाहेब, त्या टोकाला पलीकडच्या कचेरीचा अव्वल कारकून. अशा बैठकीला जाताना ते दोन वस्तू न्यायचे: पाण्याची सुरई आणि फुटाण्यांची पुरचुंडी. सरकारी माणसानं सरहद्दीवर कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा दंडक. आपल्या पंतप्रधानांच्या कुठल्याच गटात न जाण्याच्या धोरणाची तेव्हा सगळा देश चर्चा करत होता. पेशकारसाहेबांना त्यात नवीन काही वाटलं नाही. "बरं झालं, त्यंनी बी सुरई घेतली," एवढंच ते म्हणाले.

वर्तमानपत्राबाबत त्यांची एक रीत होती. सकाळी कुर्डुवाडीच्या मोटारीनं मराठी वर्तमानपत्र यायचं. ते त्यांना वाचता येत नसे. मराठी त्यांच्या घरादाराची, बाजाराची बोली होती, पण शाळा उर्दूत झाली, नोकरी उर्दूत झाली. देवनागरी अक्षराशी गाठ पडायचं कारणच नव्हतं. म्हणून परदेशाच्या बातम्या मी मोठ्यानं वाचायच्या. ते ऐकून घेत, पण मत देत नसत. तीन दिवसांनी टपालानं हैदराबादचं उर्दू वर्तमानपत्र आलं की ते तीच बातमी त्यात शोधत. दोन्ही साक्षीदारांचं जुळलं तर बातमी खरी, नाही जुळलं तर "तूर्त तहकूब." त्यामुळं सगळ्या जगाचं मत बनून तीन दिवस झाल्यावर आमच्या कचेरीचं मत बनायचं. रशियानं आकाशात उपग्रह सोडला तेव्हा आम्ही सगळे संध्याकाळी माना वर करून किल्ल्याच्या तटाजवळ उभे होतो. पेशकारसाहेब चौथ्या दिवशी बोलले. त्यांना एकच काळजी होती: "एवढ्या मुलखांवरनं जातंय. त्याच्यावर जकात कोन घेनार?"

निनावी अर्ज त्यांना अजिबात खपत नसत. कुठल्याही कचेरीत असले अर्ज पोत्यानं येतात. अमका तलाठी लाच खातो, तमक्यानं गायरान दाबलं, आणि खाली सही नाही. आम्ही ते मिटक्या मारत वाचायचो. पेशकारसाहेब कागद उलटा करून आधी तळ बघत. सही नसली तर वर काय लिहिलंय ते बघतही नसत. "बिनसहीचं मत म्हंजे बेवारस जनावर," ते म्हणत. "कोंडवाड्यात घाला." मग तो कागद टेबलाखालच्या टोपलीत जायचा.

आता ताकाची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा माणूस पुरता कळायचा नाही.

एका वर्षी भाद्रपदात सीनेला मोठा पूर आला आणि ओसरताना नदीनं अंग बदललं. अलीकडच्या एका गावाची चांगली काळीभोर गाळाची मळई धारेच्या पलीकडं गेली. आजवर ही जमीन अलीकडचे पेरत होते. आता पलीकडचे म्हणू लागले, नदीनं आम्हाला दिली. दोन्ही गावं आता एकाच राज्यात होती, पण जिल्हे दोन. आमच्या साहेबांनी वर लिहिलं, वरच्यांनी शेजारच्या जिल्ह्याला लिहिलं. आमचं दप्तर उर्दूत, त्यांचं मोडीत. दोन्ही कचेऱ्या दुसरीकडच्या तर्जुम्याची, म्हणजे भाषांतराची, वाट बघत स्वस्थ बसल्या. इकडं ज्वारीच्या पेरणीचे दिवस निघून चालले आणि दोन्ही काठांवर कुऱ्हाडींना धार लागायला लागली. शेवटी मामलेदारांनी पेशकारसाहेबांना पाठवलं आणि लिहायला मला दिलं.

ऑक्टोबरचं ऊन होतं. आम्ही पोचलो तेव्हा नमाजाची वेळ झाली होती. पेशकारसाहेब बाभळीखाली रुमाल अंथरून उभे राहिले. माझा घसा कोरडा पडला होता. अलीकडच्या गावच्या पाटलानं आग्रह केला, मी त्याच्या ओसरीवर टेकलो आणि दोन तांबे ताक प्यालो. इतकं गार ताक मी जन्मात प्यालो नव्हतो.

चटई पडली. पलीकडची माणसं धारेच्या काठापर्यंत आली आणि तिथंच थांबली. त्यांच्यातला एक पागोटेवाला म्हातारा ओरडला, "आमी बसनार न्हाय! तुमच्या कारकुनानं त्यांचं ताक पेलंय. आमच्या पोरांनी बघितलंय!"

पेशकारसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं.

"किती पेलात?"

"दोन तांबे."

ते उठले, धारेपाशी गेले आणि पलीकडं ओरडून म्हणाले, "कसूर आमचा हाय. दुरुस्त करतो. तुमच्याकडं ताक हाय का?"

मला विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यातून पलीकडं जावं लागलं. तिथं मला दोन नाही, तीन तांबे दिले. म्हातारा म्हणाला, "आमी काय त्यांच्यापरीस कमी हाव का?" मी तीन प्यालो. परत आलो तर अलीकडचा पाटील रुसून बसलेला. त्याचे दोन आणि त्यांचे तीन कसे? त्याचा एक राहिला होता, तो प्यालो. पण पाटलाला बरोबरी नको होती. त्यानं आणखी एक भरून समोर धरला. पलीकडचे काठावर उभं राहून मोजत होते. तो प्यायलो तेव्हा तिकडून हाळी आली. मी पुन्हा पाण्यात उतरलो. आठव्या तांब्याला माझे डोळे पांढरे झाले. तेवढ्यात पलीकडच्या गर्दीतून एक म्हातारी पुढं आली आणि कडाडली, "आरं मुडद्यांनो, जमिनीपायी त्या लेकराला मारताव का काय!"

आधी पलीकडं कुणीतरी हसलं. मग अलीकडं. मग दोन्ही काठ हसायला लागले. कुऱ्हाडीवर हात ठेवून हसता येत नाही. हात आपोआप सुटतात. त्या हसण्यातच पेशकारसाहेबांनी दोघांना चटईवर बसवलं आणि इंग्रजांच्या काळातला जुना करार सांगितला: नदीनं जमीन इकडची तिकडं केली, तर पहिलं वर्ष जुन्याच धन्यानं पेरायचं, पुढच्या वर्षीपासून ज्याच्या काठाला ती लागली त्यानं. नदी घाई करते, माणसानं वर्षभर थांबायचं. दिवस मावळायच्या आत अंगठे उठले.

मी वाळूत आडवा पडलो होतो. पेशकारसाहेब शेजारी बसून फुटाणे खात होते. "रशिया-अमेरिकेचं बी ह्येच चाललंय," ते म्हणाले. "फक्त त्यंच्याकडं ताक न्हाय."

कागदाला मी त्यांच्या सांगण्यावरून 'तहनामा' असा मथळा दिला होता. मामलेदार भडकले. एका राज्यातले दोन तालुके तह करत नसतात, हे त्यांनी आम्हाला उभं करून ऐकवलं. पेशकारसाहेबांनी शांतपणे मथळा खोडायला लावून 'पंचनामा' लिहायला लावलं आणि आतला शब्दही बदलू दिला नाही. ती मळई पुढं कधी पेटली नाही.

हा एवढा माणूस एका गोष्टीपुढं मात्र हतबल होता. नव्या राज्याचा नियम होता, की जुन्या संस्थानी नोकरांनी मराठीची लेखी परीक्षा द्यायची. संधी तीन. तिन्ही हुकल्या तर सक्तीनं घरी. पेशकारसाहेबांच्या दोन हुकल्या होत्या आणि पेन्शनला थोडी वर्षं उरली होती. घरात ते, बीबी आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली आई. शेती नाही, मूल नाही.

मी त्यांना अक्षरं शिकवायला लागलो. कचेरी सुटली की आम्ही मागच्या ओसरीवर बसायचो. पन्नाशी उलटलेला, शेरवानीची कोपरं रफू केलेला हा माणूस पाटीवर 'अ' काढायचा, जिभेचं टोक ओठांत धरून. मला पहिले दोन दिवस लाज वाटली, त्यांना वाटली नाही. तिसऱ्या दिवसापासून ते मला 'उस्ताद' म्हणायला लागले आणि मी ओसरीवर आलो की उठून उभे राहायला लागले. मी हात जोडून सांगितलं, असं करू नका. "तुमी बसा वो," ते म्हणाले. "म्या काय तुमच्यासाठी उठत न्हाय. इल्म आलं की उठावं लागतं." सहा महिन्यांत ते फाईल वाचायला लागले, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, पण न चुकता.

त्याच साली त्यांची आई गेली. धाकटा भाऊ अॅक्शननंतरच्या धामधुमीत कराचीला निघून गेला होता. ते दिवस वाईट होते. पेशकारसाहेबांनाही तेव्हा तीन महिने घरी बसवून चौकशी झाली होती. त्यात काही निघालं नाही, पण गावातली काही माणसं त्यानंतर त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणू लागली ती आणू लागलीच. तुम्ही का गेला नाहीत, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "सरहद्दीवर वीस वर्षं बसून लोकांना परत पाठवलं," ते म्हणाले. "मीच कसा जाऊ?"

भावाला तार गेली. त्याला व्हिसा मिळायला चार महिने लागले. तो आला तेव्हा कबरीवर गवत उगवलं होतं. पंधरा दिवसांची मुदत आणि पोलीस ठाण्यात रोज हजेरी. पेशकारसाहेब रोज त्याच्याबरोबर जात. पहिल्या दिवशी मीही गेलो होतो. जमादारानं छापील फॉर्म पुढं केला. तो गावचाच होता आणि त्याला भारी संकोच वाटत होता. "साहेब, तुमीच भरा," तो म्हणाला. पेशकारसाहेबांनी नुकत्याच शिकलेल्या अक्षरांत तो फॉर्म भरला. भावाचं नाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी थांबले. मग तिथं 'परदेशी' असं लिहिलं आणि वाळूनं शाई टिपली. भाऊ बाजूला उभा राहून खिडकीतून बाहेर बघत होता. मला वाटलं, उगीच शिकवलं मी यांना लिहायला.

पंधराव्या दिवशी भाऊ कुर्डुवाडीच्या मोटारीत बसला. पेशकारसाहेब दुसऱ्या दिवशी वेळेवर कचेरीत होते. वर्तमानपत्र वाचू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "आज नको."

तिसरी परीक्षा महिन्याभरानं धाराशिवला झाली. परत आले ते खुशीत होते. निबंधाचा विषय होता, 'शेजारी राष्ट्रांशी आपले संबंध'. मी आनंदानं टेबलावर मूठ आपटली. या विषयावर त्यांच्याइतका अधिकारी माणूस अख्ख्या मराठवाड्यात नव्हता! त्यांनी चार पानं लिहिली होती.

दोन महिन्यांनी लखोटा आला. उमेदवारानं उत्तरपत्रिकेत आपली ओळख पटेल असं काही लिहायचं नाही, असा नियम होता. पेशकारसाहेबांनी निबंधाखाली सही केली होती. उर्दूत, पूर्ण नावाची. उत्तरपत्रिका रद्द. सेवेतून का कमी करू नये याचा खुलासा महिन्याभरात द्यावा.

मला हसावं की रडावं कळेना. जन्मभर बिनसहीचा कागद हातात न धरलेला माणूस. सवयीनं केली असणार. मी म्हणालो, "साहेब, सोपं आहे. नजरचुकीनं सही झाली, असं लिहून देऊ. पुन्हा बसायला परवानगी मिळेल."

"नजरचूक न्हाय," ते म्हणाले. "नियम मला ठाऊक व्हता. समजून केली."

"पण का?"

त्यांनी पानाचा डबा उघडला आणि न खाताच मिटला. "म्या लिहिलं, दोन सरकारं भांडू देत. हद्द ऱ्हाऊ दे. पन मैताला येनाऱ्याला अडवू नये. म्हशीला आमी आठ दिवसांत परत सोडत व्हतो, मान्साला चार महिने काहून लागावेत? ह्ये लिहिलं. मंग वाटलं, बिनसहीचं ठेवलं तर वाचनारा म्हनंल, कुन्या भित्र्याचं हाय. कुन्या तिकडच्याचं हाय. म्हनून सही केली. उर्दूत केली, म्हंजे कोन बोलतंय ते बी कळंल. ह्याच मुलखाचा मानूस बोलतोय, उस्ताद. तोंड लपवून काहून बोलावं?"

मामलेदारांनी विचारलं तेव्हा त्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. खुलासा द्यायला नकार दिला. दिवस जात होते. ते रोज येत, काम करत, जुन्या मिसलींचे गठ्ठे नीट बांधून त्यांवर देवनागरीत चिठ्ठ्या चिकटवत. जाणारा माणूस घर आवरतो तसं चाललं होतं, आणि ते मला बघवत नव्हतं.

मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा मी ते केलं. टपाल माझ्याच टेबलावरून वर जायचं. मी त्यांच्या नावानं दहा ओळींचा अर्ज लिहिला: जुन्या सवयीमुळं नजरचुकीनं सही झाली, क्षमा असावी, एक संधी मिळावी. अक्षर जरा वेडंवाकडं काढलं. खाली त्यांची सही केली, मराठीत. त्यांची उर्दू सही मला कधी जमली नसती, आणि मराठी सही तर त्यांनी अजून केलीच नव्हती. शेवटच्या अक्षराची काठी मी खाली लांब ओढली. ती माझी स्वतःची सवय, ते तेव्हा लक्षातही आलं नाही. अर्ज मी मामलेदारांच्या गठ्ठ्यात घातला. मला वाटत होतं, मी फार मोठं काम करतोय.

दुपारी मामलेदारांनी दोघांनाही आत बोलावलं. ते रत्नागिरीकडचे, कामाला कडक, नजरेला तीक्ष्ण.

"पेशकारसाहेब, हा अर्ज तुमचा?" ते म्हणाले. "तुम्ही मला तोंडावर सांगितलंत, सही समजून केली म्हणून. इथं लिहिलंय नजरचूक. आणि तुमची मराठी सही मी आजवर पाहिली नाही." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिले. "खोट्या सहीचा कागद असेल, तर तो करणाऱ्याला मी नोकरीत ठेवणार नाही. फौजदारी होईल."

तोंड उघडायला हवं होतं. सही मी केली, असं सांगून टाकायला हवं होतं. नाही उघडलं. हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

पेशकारसाहेबांनी कागद हातात घेतला. तळाकडं बघितलं नाही. वरून वाचायला सुरुवात केली. ओळीखाली बोट, ओठ हलतायत. दहाच्या दहा ओळी वाचल्या. 'नजरचूक' या शब्दावर बोट जरा थांबलं. मग सहीपाशी आले आणि तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"माझाच हाय," ते म्हणाले.

"सही?"

"माझीच. नवी शिकलोय."

"करून दाखवा."

टेबलावर टाक होता. त्यांनी तो उचलला, अर्जाकडं एकदा पाहिलं, आणि कोऱ्या कागदावर सही केली. हळू केली. शेवटच्या अक्षराची काठी खाली लांब ओढली. मामलेदारांनी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले आणि अर्जावर शिफारस लिहिली.

बाहेर ओसरीवर मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "अर्ज साफ लिहिलाय," ते म्हणाले. "माझ्यावानी अक्षर काढायला लई वेळ गेला आसंल." आणि टेबलाशी जाऊन बसले. ते रागावले असते तर मी सुटलो असतो.

परवानगी मिळाली. त्यांनी चौथ्यांदा परीक्षा दिली आणि पास झाले. तेव्हा निबंधाला विषय होता 'माझा आवडता ऋतू'. दोन पानं लिहिली, खाली सही नाही. कचेरीत सगळे माझी पाठ थोपटत होते, की मी शिकवलं म्हणून म्हाताऱ्याची नोकरी वाचली. पेशकारसाहेबही मान डोलवायचे. वर्तमानपत्र मी वाचत राहिलो आणि ते ऐकत राहिले. तीन दिवसांनी उर्दू पेपर यायचा, ते तो वाचून घडी घालून ठेवायचे. पण बातमी जुळली की नाही, ते आता सांगायचे नाहीत. मीही विचारलं नाही. पुढं माझी बदली झाली.

पाच-सहा वर्षांनी कामानिमित्त परंड्याला जाणं झालं, तेव्हा मला बढती मिळाली होती. उपकोषागाराच्या खिडकीशी पेन्शनवाल्यांची रांग होती. त्यात ते दिसले. शेरवानी तीच. मी हाक मारणार होतो, पण त्यांची पाळी आली होती. त्यांनी टाक घेतला आणि सही केली, हळूहळू, शेवटची काठी खाली लांब ओढून. खिडकीतला कारकून नवा पोरगा होता. त्यानं जुना कागद काढून सही ताडून बघितली.

"बरोबर हाय, साहेब," तो म्हणाला. "तुमचीच हाय."